राजाची सुईण आणि तिची कापडी बाहुली

१/२२
फ्रान्समधील रुआँ शहरात वैद्यकाच्या इतिहासाचे एक संग्रहालय आहे. तेथे काचेआड एक वस्तू जपून ठेवलेली आहे. कापड, चामडे आणि कापूस यांनी घडवलेला स्त्रीदेहाचा कमरेचा भाग, आणि त्याच्याबरोबर नवजात अर्भकाएवढी एक कापडी बाहुली. क्ष-किरणांनी तपासणी केली तेव्हा या कापडी देहाच्या आत खरी मानवी हाडे असल्याचे दिसून आले. घरी होणाऱ्या बाळंतपणात आई आणि मूल जायबंदी होऊ नयेत म्हणून अठराव्या शतकातील एका सुईणीने असे देह शिवले. तिचे नाव आंजेलिक द्यु कुद्रे. ही तिची आणि तिच्या बाहुलीची कथा.

२/२२
प्रथम काळ समजून घेऊ. अठराव्या शतकात युरोपातील बहुतेक सर्व बाळंतपणे घरीच होत, राणीचेही आणि शेतमजुरिणीचेही. रुग्णालयात जाई ती निराधार स्त्री, आणि तेथे बाळंतज्वराच्या साथी वारंवार येत. त्यामुळे ‘घर की रुग्णालय’ असा प्रश्नच त्या काळी नव्हता. बाळंतपणाचे नियोजन म्हणजे एकच निर्णय असे : कळा सुरू झाल्यावर कोणाला बोलवायचे? आई आणि मूल धडधाकट राहणे पुष्कळदा त्या एका निरोपावर अवलंबून असे.

३/२२
फ्रान्सच्या खेड्यांत हा निरोप ‘मात्रोन’कडे जाई. मात्रोन म्हणजे गावची सुईण. बहुधा वयस्क, स्वतः अनेक मुलांची आई, अनुभवावर शिकलेली. तिच्या नेमणुकीत गावच्या धर्मगुरूचा शब्द वजनदार असे आणि त्याला एका गोष्टीची खात्री हवी असे. मूल मरणोन्मुख असेल तर त्याचा बाप्तिस्मा करण्याचे शब्द तिला बिनचूक म्हणता येतात ना? आत्म्याच्या रक्षणाची परीक्षा होती. हाताच्या कौशल्याची परीक्षा मात्र खेड्यात कोणी घेत नसे.

४/२२
हातात कौशल्य नसेल तर काय होई? बहुतेक बाळंतपणे कोणी काही न करताही सुखरूप पार पडतात. अनर्थ घडतो तो अवघड वेळी. मूल आडवे आले, पायाळू आले, कळा लांबल्या, वार सुटेना, की घरातील माणसे घाबरतात आणि सुईणीने ‘काहीतरी करावे’ अशी घाई सुरू होते. मग वेळेआधी जोर काढायला लावणे, मार्ग हाताने ताणणे, नाळ ओढणे हे प्रकार होत. नाळ जोराने ओढल्यास गर्भाशय उलटून बाहेर येऊ शकते. मार्ग फाटण्याची जखम थेट गुदद्वारापर्यंत जाऊ शकते. अडलेल्या मुलाचे डोके दीर्घकाळ दाबून राहिले तर मूत्राशयाला छिद्र पडून स्त्रीला जन्मभर लघवीवर ताबा राहत नाही. अशी स्त्री जगे, पण घरादारात नकोशी होऊन जगे.

५/२२
मुलाच्या वाट्याला येणारी इजा बहुतेक वेळा ओढण्यातून येते. डोके बाहेर आले आणि खांदा आईच्या पुढच्या हाडामागे अडकला, तर घाबरलेला हात डोके धरून ओढतो. त्या ताणाने मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे ताणले जाते, कधी तुटते; हात लुळा पडतो. पायाळू मुलाचे अंग आधी येते आणि डोके मागे राहते. तेथे अंग धरून ओढले तर हनुवटी वर उचलली जाते, डोके आणखीच अडकते आणि मानेच्या कण्याला धोका पोहोचतो. ज्या क्षणी ओढावेसे वाटते, नेमका त्याच क्षणी ओढायचे नसते. हे ज्ञान अंतःप्रेरणेच्या विरुद्ध आहे आणि म्हणूनच ते शिकवावे लागते.

६/२२
हे शिकवण्याचा एक मोठा प्रयत्न आधीच्या शतकात झाला होता. सायलेशियातील युस्टिने सीगेमुंड (१६३६–१७०५) हिला विशीच्या सुमारास सुईणींनी चुकून गरोदर ठरवले आणि त्या चुकीने तिचे फार हाल झाले. स्वतःला मूल नसलेली ही स्त्री ग्रंथ वाचून प्रसूतिशास्त्र शिकली आणि ब्रांडेनबुर्गच्या दरबाराची सुईण झाली. आडवे आलेले मूल आतल्या आत फिरवण्याची तिची दोन्ही हातांची पद्धत प्रसिद्ध आहे : एका हाताने मुलाच्या पायाला अडकवलेली दोरी ओढायची आणि दुसऱ्या हाताने मूल वर सारायचे. १६९० साली तिने गुरू-शिष्येच्या संवादाच्या रूपात सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पण ग्रंथाची एक अट असते. वाचणाऱ्याला अक्षरओळख हवी.

७/२२
आता पॅरिसला येऊ. आंजेलिकचा जन्म १७१२च्या सुमाराचा. रीतसर उमेदवारी करून १७४० साली तिला सुईणीचा परवाना मिळाला. त्याच दशकात शल्यविशारदांनी सुईणींना आपल्या शिक्षणापासून दूर ठेवण्यास सुरुवात केली. पुरुष प्रसूतितज्ज्ञांचा व्यवसाय वाढत होता आणि श्रीमंत घरांत त्यांना बोलावण्याची पद्धत रूढ होत होती. सुईणींनी एकत्र येऊन विद्यापीठाकडे दाद मागितली : आम्हाला शिकवण्याची व्यवस्था करा, नाही तर अडाणी हात वाढतील आणि त्याचे मोल बाळंतिणींना मोजावे लागेल. या मागणीत आंजेलिक आघाडीवर होती. सुईणींना बाहेर ठेवून पुन्हा त्यांच्याच अज्ञानाबद्दल त्यांना दोष द्यायचा, हा अन्याय तिने जवळून पाहिला.

८/२२
१७५१च्या सुमारास ओव्हेर्न्य प्रांतातील तिएर या गावी तिला बोलावणे आले. डोंगराळ आणि गरीब असा हा मुलूख. पॅरिसमधील स्थिरावलेला व्यवसाय सोडून ती गेली आणि खेड्यातील बायकांना विनामूल्य शिकवू लागली. तेथे तिच्यापुढे खरी अडचण उभी राहिली. शिकायला आलेल्या बहुतेक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या बोलीही निराळ्या होत्या आणि पॅरिसची फ्रेंच त्यांना परकी वाटे. ग्रंथ निरुपयोगी, व्याख्यान अपुरे. जिवंत बाळंतिणीवर सराव करणे तर माणुसकीला धरून नव्हते, कारण पहिली चूक तिलाच भोवली असती.

९/२२
मग तिने सुई-दोरा हाती घेतला. कापड, चामडे, कापूस आणि आत हाडांचा सांगाडा असे ‘यंत्र’ तिने तयार केले. ती त्याला यंत्रच म्हणे. गर्भाशयाचे तोंड आणि प्रसूतिमार्ग ताणले जातील अशी दोऱ्या-पट्ट्यांची योजना होती. स्पंजांत रंगीत पाणी भरून रक्त आणि गर्भजल योग्य वेळी वाहते करता येई. बाहुलीला नाक, कान आणि बोट घालता येईल असे तोंड होते. नाळ आणि वार होती, जुळ्यांची जोडीही होती. बाहुली कोणत्याही अवस्थेत आत ठेवता येई, आडवी, पायाळू किंवा हात बाहेर आलेली. शिष्येने डोळ्यांनी न पाहता, केवळ बोटांनी मूल कसे आहे ते ओळखायचे.

१०/२२
अशी प्रतिकृती करणारी ती पहिली नव्हती. लंडनमध्ये विल्यम स्मेली चामडे आणि खरी हाडे यांच्या यंत्रावर विद्यार्थ्यांना शिकवत होता. बोलोन्यात गाल्लीने मातीच्या प्रतिकृती करवून घेतल्या होत्या. भारतात सुश्रुतसंहितेतील ‘योग्यासूत्रीय’ अध्यायात, शिष्याने पट्ट्या बांधण्याचा सराव कृत्रिम पुतळ्यावर करावा आणि छेद घेण्याचा सराव भोपळ्यासारख्या फळांवर करावा, असे शतकानुशतके आधी सांगितलेले आहे. जिवंत देहाला हात लावण्याआधी निर्जीव वस्तूवर चुका कराव्यात, हा विचार जुनाच. आंजेलिकने तो निरक्षर ग्रामीण स्त्रियांसाठी, गाडीतून नेता येईल अशा रूपात आणि देशव्यापी प्रमाणावर राबवला. तिचे वेगळेपण येथे आहे.

११/२२
पायाळू मुलाचाच धडा घ्या. यंत्रात बाहुली पायांकडून बाहेर येते आणि डोके आत राहते. नवशिकी स्त्री पाय धरून ओढते. गुरू थांबवते. बाहुलीचे अंग हातावर तोलून धरायचे, बोट तिच्या तोंडापाशी न्यायचे आणि हनुवटी छातीकडे वळवायची. आता डोक्याचा लहान व्यास मार्गात येतो आणि ते सहज निघते. ही युक्ती फ्रेंच प्रसूतिशास्त्राला ठाऊक होती. सतराव्या शतकातील मोरिसो या शल्यविशारदाच्या नावाशी ती जोडली जाते. पण बाहुलीला तोंड शिवल्यामुळे ती पुस्तकातून निघून खेड्यातील स्त्रीच्या बोटांत उतरली. दहादा चुकले तरी कोणाची मान मोडणार नव्हती.

१२/२२
तिच्या शिकवणीचा दुसरा भाग म्हणजे ‘न करणे’. कळांना वेळ द्यावा. मार्ग पूर्ण उघडण्याआधी जोर काढायला लावू नये. हातांना आणि मार्गाला स्निग्ध पदार्थ लावून घर्षण कमी करावे. वार सुटण्याची खूण पटल्याखेरीज नाळ ओढू नये. आणि बाळंतिणीला धीर द्यावा, तिच्यासमोर भीती दाखवू नये. आपल्या आवाक्याबाहेरचे काय आहे हे ओळखून वेळेवर शल्यविशारदाला बोलावणे हाही शिक्षणाचाच भाग होता. चांगली सुईण कोणती, तर कधी हात घालावा आणि कधी हात आवरावा हे जिला कळते ती.

१३/२२
१७५९ साली तिचे प्रसूतिविद्येवरील संक्षिप्त पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढील आवृत्तीत रंगीत चित्रे आली. चित्रांत मुलाची अवस्था आणि सुईणीच्या हातांची जागा स्पष्ट दिसे, म्हणजे निरक्षर स्त्रीलाही ती उपयोगी पडत. त्याच वर्षी पंधराव्या लुईने तिला राज्यभर शिकवण्याचा परवाना दिला. १७६७मध्ये दुसरे आज्ञापत्र निघाले आणि त्याने तिला वर्षाला ८,००० लिव्र वेतन आणि निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन मंजूर केले. एका सुईणीला, त्यातही सामान्य कुळातील स्त्रीला, राजाने पगारी अधिकाऱ्याचा दर्जा द्यावा ही त्या काळी अपूर्व घटना होती.

१४/२२
राजाला अचानक बाळंतिणींचा कळवळा आला होता काय? कारण अधिक व्यवहारी होते. १७५६ ते १७६३ या सप्तवार्षिक युद्धात फ्रान्सची माणसे आणि पैसा दोन्ही खर्ची पडत होते. देशाची लोकसंख्या घटत आहे असा त्या काळच्या विचारवंतांचा ठाम समज होता. तो समज चुकीचा होता, हे पुढील संशोधनाने दाखवले. पण धोरणे समजुतींवरच आखली जातात. राज्याला सैनिक आणि करदाते हवे होते. आंजेलिकने ही भाषा अचूक ओळखली. अधिकाऱ्यांशी बोलताना ती राज्याच्या हिताबद्दल बोलत असे आणि वर्गात बाळंतिणीच्या देहाबद्दल.

१५/२२
मग सुरू झाला पाव शतकाचा प्रवास. प्रांताचा अधिकारी परगण्यांना पत्रे पाठवून प्रत्येक गावातून एखादी धडधाकट स्त्री निवडण्यास सांगे. आंजेलिक आपली यंत्रे, चित्रे आणि मदतनिसांसह शहरात येई. अभ्यासक्रम सुमारे दोन महिन्यांचा असे आणि एका वेळी शंभरपर्यंत स्त्रिया शिकत. प्रत्येकीला यंत्रावर पुनःपुन्हा हात चालवावा लागे, कारण पाहून येणारी ही विद्या नव्हे. शेवटी प्रमाणपत्र मिळे. जाताना एखादे यंत्र शहरातच ठेवले जाई, म्हणजे ती गेल्यावरही शिकवणे बंद पडू नये.

१६/२२
विरोध झाला, आणि तो अनेक बाजूंनी झाला. स्थानिक शल्यविशारदांना आपल्या अधिकारावर अतिक्रमण वाटे. गावांना खर्च जड जाई. शेतीची कामे आणि लेकरे सोडून दोन महिने शहरात राहणे कोणत्या कष्टकरी स्त्रीला परवडणार? आणि परत आल्यावर गावातील जुनी मात्रोन असायचीच. गावातील स्त्रियांनी आजवर जिच्या हातांवर विश्वास ठेवला तिला सोडून, कागद घेऊन आलेल्या तरुण मुलीला बोलवावे कशासाठी? हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. बाळंतपणात विश्वास हेही एक साधनच असते, आणि ते प्रमाणपत्राने एका दिवसात मिळत नाही.

१७/२२
१७८३मध्ये ती निवृत्त झाली तोवर चाळीसहून अधिक शहरांत तिचे वर्ग झाले होते. तिच्या हाताखाली थेट शिकलेल्या स्त्रियांची संख्या सुमारे ४,००० मानली जाते, आणि तिने तयार केलेल्या शल्यविशारद-शिक्षकांची सुमारे ५००. तिची भाची म्हणून ओळखली जाणारी मार्गरीत कुतांसो हिने बोर्दो येथे हे काम पुढे चालवले. राज्यक्रांतीत ज्या राजसत्तेने तिला वेतन दिले ती सत्ताच कोसळली. १७९४ साली, दहशतीच्या राजवटीत, बोर्दो येथे आंजेलिकचे निधन झाले.

१८/२२
तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. तिच्या योजनेत यंत्रावर शिकवण्याचे काम पुढे बहुतांशी पुरुष शल्यविशारदांकडे गेले. अवजारे वापरण्याचा अधिकार त्यांच्याकडेच राहिला, आणि सुईण त्यांच्या देखरेखीखालची कर्मचारी ठरू लागली. जुन्या मात्रोनांना सरसकट अडाणी ठरवण्यात आले. त्यांच्यातील कुशल हातांचे ज्ञान मात्र कोणी नोंदवून ठेवले नाही. स्त्रियांना शिक्षण मिळाले, त्याबरोबर नियंत्रणही आले. इतिहासात सुधारणा अशा दुहेरी विणीच्या असतात.

१९/२२
खांदा अडकल्यावर हात लुळा पडण्याच्या विकाराला एकोणिसाव्या शतकात नाव मिळाले. १८७४ साली जर्मन वैद्य विल्हेल्म एर्ब याने कोणत्या मज्जातंतूंना इजा होते ते दाखवले. कारण कळले तरी उपाय हातांनीच शोधायचा होता. १९७६ साली अमेरिकन सुईण इना मे गॅस्किन हिला ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातील सुईणींची एक रीत कळली : खांदा अडकला की बाळंतिणीला हात-गुडघ्यांवर यायला सांगायचे. ओढायचे नाही, आईची बैठक बदलायची. टेनेसीतील घरगुती बाळंतपणांत तिने ती वापरली. १९९८मध्ये अशा ८२ प्रसूतींचा अभ्यास वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि निरक्षर मानल्या गेलेल्या सुईणींची विद्या पाठ्यपुस्तकांत गेली.

२०/२२
आणि बाहुली? ती परत आली. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात साउथमीड रुग्णालयाने २००० सालापासून सुईणी आणि डॉक्टर या सर्वांना कृत्रिम प्रतिकृतीवर अडकलेला खांदा सोडवण्याचा सराव सक्तीचा केला. किती जोर लावला जातो हेही त्या सरावात मोजता येई. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खांदा अडकलेल्या प्रसूतींत मुलांना इजा होण्याचे प्रमाण प्रशिक्षणापूर्वी ९.३ टक्के होते, ते २.३ टक्क्यांवर आले. बाहुलीवरील सरावाने इजा टळते, हे आंजेलिकने गृहीत धरले होते. त्याचा आकड्यांतील पुरावा मिळायला सुमारे अडीचशे वर्षे लागली.

२१/२२
आज घरी बाळंत होणे हा अनेक देशांत विचारपूर्वक केलेला पर्याय आहे. इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, ६४,००० हून अधिक कमी जोखमीच्या स्त्रियांच्या पाहणीत आढळले की आधी मूल झालेल्या स्त्रियांसाठी नियोजित घरगुती प्रसूतीत मुलाचा धोका वाढत नाही. पहिलटकरणींत मात्र तो वाढतो, आणि त्यांपैकी सुमारे ४५ टक्के जणींना मध्येच किंवा प्रसूतीनंतर रुग्णालयात हलवावे लागले. महाराष्ट्राचा अनुभव निराळ्या परिस्थितीतला आहे. तेथे घर ही निवड नव्हती, नाइलाज होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत थोडे शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला, हे १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. उंबरठा तोच होता. आत येणारे हात बदलले होते.

२२/२२
तिएर, टेनेसी, ब्रिस्टल, गडचिरोली. काळ आणि देश वेगळे, पण या सर्व ठिकाणी एकच गोष्ट पुनःपुन्हा सिद्ध झाली. बाळंतपणाची जागा महत्त्वाची असतेच. पण तेथे असणारे हात शिकलेले आहेत का, त्यांना थांबणे ठाऊक आहे का आणि पुढची मदत वेळेत पोहोचते का, या तीन प्रश्नांवर अधिक अवलंबून असते. रुआँच्या संग्रहालयातील त्या बाहुलीला किती जणींनी चुकीचे ओढले असेल याची गणती नाही. तिने सोसलेला तो प्रत्येक हिसका एखाद्या खऱ्या मुलाच्या वाट्याला येता येता राहिला.